ही चिंधी निळ्याच्या हातची नाही

४ मार्च

वहिनी,

आधी खुशाली, मग हवापाणी, मग कामाचं, अशी माझी पत्र लिहायची रीत तुला माहीत आहे. आज ती गुंडाळून ठेवते. तुमचं पाकीट काल मिळालं. त्यातली चिंधी निळ्याच्या हातची नाही.

तू म्हणशील, वन्संचं आपलं काहीतरीच. पण ऐक. आमच्या वडिलांपासून ही रीत आहे: रंगाऱ्याच्या घरातून पत्र निघालं की त्या वेळी हौदात जो रंग असेल त्यात एक चिंधी बुडवून पाकिटात घालायची. वडील गेले, रंगाचा कारखाना निळ्याकडे, माझ्या धाकट्या भावाकडे आला, आणि चिंध्या येतच राहिल्या. माझ्याकडे डबा भरून आहेत. चिंधी बुडवताना तिचा कोपरा चिमटीत धरावा लागतो, तेवढाच पांढरा राहतो. निळ्याचा अंगठा लहानपणी पिळायच्या यंत्रात सापडून चपटा झाला, त्यामुळे त्याचा पांढरा कोपरा असतो चिंचोक्याएवढा. या चिंधीवरचा आहे मुगाच्या दाण्याएवढा. अगं, मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करते. कुठला धागा मूळचा आणि कुठला मागाहून घातलेला, हे ओळखण्यावर माझं पोट आहे. मला बनवायला निघालीस?

आणि पत्रही तुझ्याच अक्षरात. "हे कामात आहेत, म्हणून मी लिहितेय." गेल्या वेळीही तू, त्याच्या आधीही तूच. इतकं कसलं काम? फोन कर म्हणशील, तर मी गिरणीत होते तेव्हा मागांच्या खडखडाटात माझे कान कधीच गेले, आणि फोनवर निळ्या नुसता हसतो. हसणं काय, कुणीही हसतं.

आमचे कंडक्टर म्हणतात, "तू शंकासुर आहेस." बस सोडून इतकी वर्षं झाली, तरी नवऱ्याला मी कंडक्टरच म्हणते, कारण वाद घालताना ते अजूनही सुट्टे नसल्यासारखं तोंड करतात. असेन शंकासुर. पण दोन वर्षांपूर्वी माझी एक किडनी काढून त्याच्या पोटात बसवली, तेव्हापासून त्या घरात माझंही काहीतरी राहतं. चौकशी करायचा हक्क आहे मला.

निळ्याला स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहायला सांग. आणि नेहमीचं:

गोळ्या वेळेवर. माझा माल आहे आत.

तुझी नणंद


१५ मार्च

वन्संना नमस्कार.

तुमची नजर म्हणजे नजर आहे. चिंधी मीच बुडवली. ह्यांचे हात त्या दिवशी मोकळे नव्हते. हॉटेलचे पडदे आले होते, सगळे पिवळे करायचे, आणि त्यांना घाई. मला वाटलं चिंधीवाचून पाकीट जायला नको, म्हणून बुडवली. त्यात लपवाछपवी कसली?

ह्यांची तब्येत बरी आहे. उभं राहून पाय जरा सुजतात, एवढंच. गोळ्या अगदी वेळेवर घेतात. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला मोठ्यानं वाचायला लावतात आणि मग गोळी तोंडात टाकतात. तो आमच्या घरचा नेमच झालाय.

सोबत फोटो पाठवतेय, परवाच काढला. बघा कसे हसतायत. तुम्ही कशा आहात? तुमची तब्येत बरी राहते ना? वरचेवर ताप वगैरे येत नाही ना? स्वतःला जपा. भाऊजींना नमस्कार.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

फोटो मिळाला. छान आहे. इतका छान आहे की माझी झोप उडाली.

पहिली गोष्ट. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू माझ्या तब्येतीची चौकशी केल्याचं मला आठवत नाही. आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती; मी काय आजारी पडणारी बाई आहे का! आता एकदम "ताप येत नाही ना", "स्वतःला जपा". कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसरी गोष्ट. निळ्या फोटोत खुर्चीवर बसलाय. कारखान्यात कधी खुर्ची होती? वडील म्हणायचे, रंगारी बसला की रंग बसत नाही. आणि एवढ्या उकाड्यात मांडीवरून खालपर्यंत टॉवेल कशाला? कुणी घातलाय तो? त्यानं घातला असता तर चुरगळला असता. हा तर शोकेसमध्ये मांडल्यासारखा सरळ आहे.

तिसरी गोष्ट. टॉवेलाखालून एक घोटा दिसतो. मी रफूचं भिंग लावून पाहिलं. कंडक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले छपाईचा दोष. छपाईचा दोष नेमका घोट्यावरच येतो का? तिथं जांभळे डाग आहेत. एक मोठा, दोन बारके.

आता मला सरळ सांग. गोळ्या महाग आहेत म्हणून कुणाच्या नादी लागून काही पाला, काही लेप चालू केलाय का? की त्या कमी केल्यात परस्पर? माझ्या ओळखीतल्या एका बाईनं तसंच केलं होतं, "आता बरं वाटतंय" म्हणून. तिची किडनी गेली. आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे: साबणाची वडी झिजली तरी नवीला चिकटवणारी तू. साबणाला चालतं ते. माझ्या भावाला चालणार नाही.

एक जरी गोळी चुकली असेल तर मी तुलाच धरीन. हे त्यालाही वाचून दाखव. मी स्वतः यायचं म्हणतेय.

गोळ्या वेळेवर, पूर्ण, एकही कमी नाही. माझा माल आहे आत.

तुझी नणंद


५ एप्रिल

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हे खूप हसले. म्हणाले, "ताईला पोलिसात घ्यायला हवं होतं."

अहो, ते डाग रंगाचे आहेत. मध्यंतरी नाटक कंपनीचे जांभळे पडदे आले होते. ह्यांचा एक गमबूट गळका आहे, त्यातून रंग आत गेला. रंगाऱ्याच्या अंगावर डाग असायचेच. लहानपणी निळीच्या हौदात पडले म्हणून तुम्हीच तर ह्यांचं नाव निळ्या ठेवलंत.

गोळ्यांचं म्हणाल, तर मी देवाशपथ सांगते, माझ्या हातून एकही कमी झालेली नाही. लेप नाही, पाला नाही. आत्ता मात्र येऊ नका. घराच्या भिंती खरवडायला काढल्यात, सगळीकडे धूळ आहे, तुमचे हाल होतील.

एक छोटं काम होतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे. तुमच्या रक्ताची एक तपासणी करून हवी आहे. नेहमीचीच, किडनी दिलेल्या माणसांची अधूनमधून करतात म्हणे. जमलं तर लवकर करा. आणि ह्यांना लिहिताना तपासणीचा उल्लेख नको, उगाच काळजी करतील.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

खोटं बोलायचं तर निदान रंगाऱ्याच्या लेकीशी नको बोलूस.

रंग अंगाला लागला की आधी नखात शिरतो, मग टाचेच्या भेगांत. वडिलांच्या टाचा मरेपर्यंत सात रंगांच्या होत्या. फोटोत निळ्याची टाच दिसतेय, धुतल्या तांदळासारखी. नखंही साफ. आणि डाग कुठं, तर घोट्यावर. हा कुठला शहाणा रंग, जो टाच सोडून घोट्यावर बसतो?

घराच्या भिंती खरवडताय? फोटोत मागच्या दारातून घराची भिंत दिसते, नुकताच रंग दिलेली, तिच्यावर कॅलेंडर लटकलंय. धूळ तिथं नाही, तू माझ्या डोळ्यांत फेकतेयस.

आणि रक्त! "नेहमीचीच तपासणी." माझी तपासणी दर वर्षी इथले डॉक्टर करतात, त्यांनी तुमची चिठ्ठी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "हे नेहमीचं नाही, कुणी मागितलं?" आणि वर निळ्यापासून लपवायचं! कंडक्टरांनी हातातला कप तसाच धरून मला विचारलं, "दुसरी पण मागतायत की काय?" मी हसले, पण रात्रभर तेच डोक्यात. उरली आहे एकच, बाई. ती मी वापरतेय.

मग मी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना विचारलं. किडनी बदललेला माणूस, पायावर जांभळे डाग, दुखत नाहीत, काय असेल? त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, अंगातली प्रतिकारशक्ती गेली की असे डाग उठतात, आणि त्यांच्या नोकरीत असे डाग त्यांनी पाहिले ते एड्सच्या पेशंटच्या अंगावर.

आता तूच सांग. हे घरात कुणी आणलं? त्यानं की तू? मी त्याला ऑपरेशनच्या टेबलावर चढून वाचवला तो याच्यासाठी? इतके दिवस हसरे फोटो आणि गोड पत्रं, आणि माझ्या तब्येतीची चौकशी! मला काही झालंय का तेही बघायचं होतं वाटतं.

चिठ्ठी फाडून टाकलेली नाही. पण रक्त देणार नाही, खरं कळेपर्यंत नाही.

त्याला एवढंच सांग: गोळ्या. काही झालं तरी गोळ्या. माझा माल आहे आत.

नणंद


२ मे

वन्सं,

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण रोज जे लिहायचे ते फाडून टाकावंसं वाटायचं. आज फाडणार नाही. ह्यांनी मला शपथ घातली होती, ती मोडतेय. पाप लागायचं असेल तर लागो.

नाटकाचे पडदे खरंच आले होते, आणि गमबूट खरंच गळका होता. त्यामुळे नडगीवर जांभळे डाग दिसले तेव्हा आम्हा दोघांनाही तो रंगच वाटला. मी स्वतः रंग उतरवायच्या पाण्यानं ब्रश घेऊन घासले. कातडी सोलली, डाग हलले नाहीत. दुखत नव्हते, खाजत नव्हते. हे म्हणाले, "असा पक्का रंग गिऱ्हाइकाच्या कापडावर का नाही बसत गं?" आणि आम्ही हसत बसलो. मग जांभळं काम संपलं आणि पिवळं सुरू झालं. हौदात पिवळा रंग, आणि ह्यांच्या पायावर नवा डाग उठला तो जांभळाच. त्या दिवशी हसू थांबलं.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी डागाचा तुकडा काढून तपासला. त्याला कापोसी सार्कोमा म्हणतात. कातडीचा कॅन्सर आहे, वन्सं. लिहिला शब्द. इतके महिने मी तो तोंडातून काढलेलाही नाही.

तुमच्या नर्सबाई अर्धं खरं बोलल्या. हा आजार प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला होतो. एड्समध्ये ती आजारानं खचते. ह्यांची आपण गोळ्या देऊन मुद्दाम खचवली आहे. एड्सची तपासणी डॉक्टरांनी सगळ्यात आधी केली, ह्यांची आणि माझीही. दोघांनाही नाही. तुम्ही "त्यानं की तू" लिहिलंत, ते पत्र वाचून मी हौदाच्या खोलीत जाऊन रडले. तिथं वाफेत कुणाला कळत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, तसंच तुम्हाला सांगते. अंगात एक पहारेकरी असतो. परकं काही आत आलं की हुसकावतो. तुमची किडनी कितीही सख्ख्या बहिणीची असली तरी त्याला परकीच. म्हणून गोळ्या देऊन त्याला पेंगुळलेला ठेवायचा, म्हणजे किडनी सुखरूप. पण तो पेंगला की दुसऱ्यांचंही फावतं. एक विषाणू आहे. कित्येक धडधाकट माणसांच्या अंगात तो जन्मभर पडून असतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पहारा ढिला पडला की तो उठतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात धुमाकूळ घालतो. तेच हे डाग. पायावर येतात, कधी तोंडात, आणि लक्ष दिलं नाही तर आत पोटात, फुप्फुसातही जातात.

यावरचा पहिला उपाय म्हणजे पहारेकऱ्याला थोडं जागं करायचं. गोळ्या कमी करायच्या, जुनी बंद करून दुसऱ्या जातीची द्यायची. ती किडनीला सांभाळते आणि डागांनाही आवरते. पण पहारेकरी जागा झाला की किडनीवरही धावून जाऊ शकतो. डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नाही. ह्यांनी विचारलं, "म्हणजे ताईची किडनी जाऊ शकते?" त्या म्हणाल्या, "शक्यता थोडी आहे, पण आहे." ह्यांनी मान हलवली आणि आम्ही घरी आलो.

डाग वाढतच राहिले. पाय सुजून गमबुटात जाईना. म्हणून खुर्ची, म्हणून टॉवेल. तो मीच घातला होता, बरोबर ओळखलंत. मग रक्ताच्या तपासणीत निघालं की बंद केलेल्या गोळीचं प्रमाण रक्तात होतं तितकंच आहे. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तुमच्यासारखंच. मी देतेय असं वाटलं त्यांना.

घरी येऊन मी सगळं शोधलं. कारखान्यात रंगात घालायच्या मिठाच्या पोत्यामागे एक डबा सापडला. त्यात जुन्या गोळ्यांचा साठा. हे रोज तिथं जाऊन गुपचूप घेत होते. मी विचारलं, "जीव द्यायचाय का?" तर म्हणाले, "ताईचा माल आहे आत. एकही गोळी कमी नाही, असं तिनं लिहिलंय. तिनं पोट फाडून दिलेली वस्तू मी माझ्या पायाच्या डागांसाठी घालवू?"

वन्सं, तुमचं पत्र आलं की हे शेवटची ओळ मला वाचायला लावतात आणि गोळी घेतात, असं मी कौतुकानं लिहिलं होतं. कुठली गोळी ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही मला चोर समजून गोळ्या मोजायला लावत होतात, आणि त्याच गोळ्या ह्यांना मारत होत्या. मी शंभर वेळा सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ह्यांच्या कानात शिरत नाही. तुमचं एक वाक्य शिरतं.

रक्ताचं राहिलं. तो विषाणू ह्यांच्यात आधीपासून होता की किडनीबरोबर आला, ते डॉक्टरांना बघायचं आहे. उपचार तोच राहतो, पण माहिती हवी, आणि तुमच्यात असला तर तुमच्या डॉक्टरांनाही माहीत असलेला बरा. हे त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. म्हणतात, "ताईला कळलं की तिच्याकडून आला, तर ती जेवणार नाही." म्हणून मला गप्प बसवलं. मी चिठ्ठी चोरून पाठवली आणि तुमच्या तब्येतीची वेड्यासारखी चौकशी केली. मला थापा मारता येत नाहीत, ते तुम्ही पाहिलंतच.

आता मला काय म्हणायचं ते म्हणा. पण ह्यांना लिहा.

वहिनी


९ मे

निळ्या,

हे पत्र वहिनीनं तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.

गाढवा! मिठाच्या पोत्यामागे? वडिलांची विडी लपवायची जागा ती, आईला पहिल्याच दिवशी सापडली होती. दुसरी जागा सुचली नाही तुला?

आता माझं ऐक. "माझा माल आहे आत" हे मी लिहीत आले ती माझी जीभ, तिला हाड नाही. थट्टा होती रे. निम्मी थट्टा आणि निम्मी भीती. तू गोळ्या विसरशील म्हणून मी तुला माझा धाक घालत होते. धाक असा लागू पडेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही. मी तुला आयुष्यात हजार गोष्टी सांगितल्या, त्यातली तू ऐकलीस ती हीच?

मी किडनी दिली, उसनी दिली नाही. माझी सायकल मी तुझ्याकडून परत घेतली होती, कारण तू तिचे ब्रेक तोडलेस आणि सायकल माझी होती. किडनी तशी नाही. ती कुणाला दिली? माझ्या भावाला. भाऊच राहिला नाही तर ती किडनी मी काय बरणीत घालून फळीवर ठेवू? आल्यागेल्याला दाखवू?

गेली तर जाऊ दे. जाऊ नये असं मलाही वाटतं, खूप वाटतं, आणि डॉक्टरीणबाई प्रयत्न करतीलच. पण गेली तर गेली. पुन्हा डायलिसिसच्या यंत्रावर जाशील, सुया टोचून घेशील, पाण्याचा घोट मोजून पिशील, तोंड वाकडं करशील, बायकोवर चिडशील. पण असशील. मला तू असायला हवा आहेस, बाकी काही नको.

डबा वहिनीच्या हातात दे. आत्ता, हे वाक्य संपायच्या आत. दिलास? वहिनी, त्यानं दिला नसेल तर पुढं वाचू नकोस.

दिला असेल. आता डॉक्टरीणबाई देतील तीच गोळी आणि तेवढीच. त्या म्हणाल्या दोन तर दोन, अर्धी तर अर्धी, आणि शून्य म्हणाल्या तर शून्य.

शेवटची नेहमीची ओळ या वेळी लिहीत नाही. पुढंही लिहिणार नाही.

ताई

आणि वहिनी, हे खालचं तुझ्यासाठी, मनातल्या मनात वाच. पत्र मिळालं त्याच दिवशी जाऊन रक्त देऊन आले. इकडच्या डॉक्टरांनी ते तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलंय. जो निकाल येईल तो मला कळवायचा, गोड करून नाही. मी तुला जे बोलले त्याला माफी हा शब्द पुरणार नाही. "त्यानं की तू" असं मी लिहिलं, आणि तू ते वाचून वाफेत उभी राहिलीस. रफू बारीक भोकालाच करता येतं, मी तर हातभर फाडून ठेवलंय. तरी सुई घेऊन बसते. तुला चालेल तर.


१८ जुलै

वन्संना नमस्कार.

आधी चांगलं. डबा ह्यांनी दिला. तुमचं वाक्य संपायच्या आत नाही, संपल्यावर थोड्या वेळानं. आधी डोळे पुसत होते, मग "सायकलचे ब्रेक आधीपासूनच गेलेले होते" असं म्हणाले आणि मग डबा दिला.

नवी गोळी चालू आहे. डाग जांभळ्याचे तपकिरी झालेत, बारके दोन तर शोधावे लागतात. नवा उठलेला नाही. सूज उतरतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात, पूर्ण जाईल असं वचन देत नाही, पण दिशा बरोबर आहे.

आता कमी चांगलं. रक्तातला किडनीचा आकडा मध्ये चढला, म्हणजे किडनीवर ताण आला. आता तो थांबलाय, खाली आलेला नाही, पण वरही जात नाही. दर आठवड्याला तपासायला रक्त देतात.

आता तिसरं. तुमच्या रक्ताचा निकाल आला. त्या विषाणूची खूण तुमच्या रक्तात आहे. ह्यांचं ऑपरेशनच्या आधीचं रक्त दवाखान्यात जपून ठेवलेलं होतं, त्यात ती नाही. म्हणजे तो किडनीबरोबर आला असणार. तुमच्या अंगात पहारेकरी खणखणीत जागा आहे, म्हणून तुम्हाला त्याचा त्रास नाही, आणि तो कधी आला हे कुणालाच सांगता येणार नाही. हे म्हणाले, "लिहू नकोस, निकाल आलाच नाही म्हण." मी म्हटलं, या घरातून वन्संना आता खोटं पत्र जाणार नाही. तर रागावून हौदाच्या खोलीत गेले आणि ही चिंधी घेऊन आले.

जेवा, वन्सं. एवढंच मागणं आहे.

वहिनी


२७ जुलै

निळ्या आणि वहिनी,

दोघांनाही एकच पत्र, म्हणजे कुणी कुणापासून लपवायला नको.

जेवले. पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी पत्र मांडीवर घेऊन बसून राहिले. ज्या हातानं भावाला वाचवलं त्याच हातानं त्याला हे दिलं, असं सारखं वाटत होतं, आणि अजूनही मधूनच वाटतं. इथले डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. बरोबर आहे, पण बरोबर असून काय होतं? कंडक्टरांनी स्वयंपाक केला. तो इतका वाईट होता की मला उठून पुन्हा करावा लागला. मग केलाच आहे तर जेवले.

नंतर मला त्या विषाणूचाच राग आला. माझ्या अंगात इतकी वर्षं मान खाली घालून बसला होता. माझ्यापुढं बोलायची हिंमत नव्हती मेल्याची. तुझ्याकडे आला आणि मोकाट सुटला, कारण तुझा कुणाला धाकच नाही. नुसतं हसत बसायचं!

चिंधी भिंगाखाली पाहिली. दोनदा पाहिली, आता तरी कशी सोडेन? पांढरा कोपरा चिंचोक्याएवढा आहे. हात तुझाच. पण रंग खाली गडद आणि वर फिका, म्हणजे हात हौदात पुरता पोचलेला नाही. बसून बुडवलीस ना? "सूज उतरतेय" म्हणजे उतरलेली नाही. वहिनी, तू खोटं लिहिलं नाहीस, पण जरा इस्त्री करून लिहिलंस.

म्हणून मी येतेय. भिंती खरवडायला काढल्या असल्या तरी येतेय. कंडक्टरांनी तिकिटं काढलीत, दोन्ही खिडकीची, आणि मला सुट्टे मागितले. माझं अंथरूण कारखान्याच्या बाजूच्या खोलीत घाल, तिथून मिठाचं पोतं दिसतं.

चिंधी ओंगळ झालीय, निळ्या. वडिलांनी पाहिली असती तर परत बुडवायला लावली असती. मी ती डब्यात सगळ्यांच्या वर ठेवलीय.

गोळ्या डॉक्टरीणबाई सांगतील तशा. माल तुझा आहे.

ताई